मावशीच्या गळ्यातल्या बायका

कुठल्याही आवाजाला एकटं सोडणं हे पाप आहे, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या बोरीवलीत एकच, आणि तो नेमका शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर होता. गावठाणातल्या घराच्या मागच्या खोलीत त्याने स्टुडिओ थाटलाय. आवाज घुमू नये म्हणून बायकोच्या सगळ्या साड्या तिथे भिंतींवर टांगल्यात. तिला कुठे समारंभाला जायचं असलं की आधी विचारावं लागतं, "आज जांभळी काढू का? गाणं बिघडणार नाही ना?" या खोलीत शिरलेला प्रत्येक आवाज कोरस लावूनच बाहेर पडतो. कोरस म्हणजे काय, हे त्याने मला इतक्यांदा समजावलंय की मी झोपेतही सांगीन. एका आवाजाच्या नकला करायच्या, त्या किंचित मागे ठेवायच्या, सुरात किंचित डुलवायच्या, की एकाचे अनेक झाल्यासारखे वाटतात. एका श्रीखंडवाल्याची जाहिरात त्याने अशी केली, की अख्खी पंगत ओरडतेय असं वाटून लोक दुकानासमोर पानं कुठे मांडलीत ते शोधत होते.

"बेस गिटारला कोरस? घराचा पाया कुणी हलवतं का यार?" हा त्याचा धर्म. "शिऱ्यात वेलची असते ना, तेवढाच लावायचा." स्वतः मात्र वेलचीत शिरा घालणाऱ्यांपैकी. एकदा गिटारला त्याने एवढा कोरस दिला की ऐकता ऐकता मला जमिनीवर बोट लागली. नवा कोरस निवडायचा असला की मला बोलावणं येतं. "नीट ऐक. हा बरा की मघाचा?" "हा!" मी ठामपणे सांगतो. "अरे गाढवा, अजून बदललाच नाही!"

पण त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि गडी पेचात पडला. त्यांच्या ख्रिस्ती गावठाणात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका गाणी म्हणत विहिरीवरून नवरीसाठी पाणी आणतात. पूर्वी अख्खी आळी गाजायची. आता ती गाणी येणारी एकटी त्याची म्हातारी मावशी उरली होती, आणि तिच्याने विहिरीपर्यंत चालवतही नव्हतं. मुलीने तर बजावलेलं, "डॅडा, बँडवर फिल्मी नको हां. मला आपलीच गाणी पाहिजेत."

त्याने मावशीला साड्यांच्या मधोमध खुर्चीत बसवलं, गाणं रेकॉर्ड केलं, सगळी विद्या पणाला लावून कोरस चढवला आणि तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. मी आधीच ऐकलं होतं. झकास, आळीभर बायका! मावशी बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "या सगळ्या एकदम श्वास घेतात रे. आमची फिलू कुठे अशी थांबायची? ती तर पुढे पळायची."

आता हा भांडणार, असं मला वाटलं. त्याने तिथल्या तिथे कोरस काढून टाकला. "मावशी, फिलू कशी म्हणायची, दाखव ना."

मावशी फिलूसारखी गायली, धावत. मग मार्थासारखी, नाकातून. मग रोझीसारखी, जिला सूर कधी सापडला नव्हता पण आवाज सगळ्यांत मोठा होता. विहिरीवर तिच्याबरोबर गाणाऱ्या त्या तिघीही केव्हाच गेलेल्या. मध्येच तिला हसू फुटायचं. तेही त्याने ठेवलं आणि एकेक आवाज दुसऱ्यावर रचत गेला. "आता तुझा आवाज दे, मावशी."

"माझा कशाला? मी आहे की अजून."

लग्नाच्या आदल्या दिवशी हातगाडीवर स्पीकर निघाला, मागून बायका, मध्ये नवरी. शब्द कुणालाच येत नव्हते, सगळ्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. मावशीच्या दारापाशी त्याने हातगाडी थांबवली. ती खिडकीत बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं आणि तिने तोंड उघडलं. टाळ्या आपोआप थांबल्या. तो गाडीचा दांडा धरून खाली बघत उभा राहिला. स्पीकरमधली फिलू नेहमीसारखी पुढे पळत होती, आणि तिला गाठताना मावशीला धाप लागत होती, तरी ती गात होती.