जुना कर्नल अन् एकशे अठ्ठावीस

चहा आधी खाली ठेवा, मंग ऐका. सांडला तं मी जबाबदार नाई!

माही पोरगी प्रणाली घरूनच कम्प्युटरचं काम करते. भाजी विकणं माहं काम. शाळा चौथीपर्यंतच, पण कान शाबूत! त्या दिवशी ओसरीत सांबाराच्या, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून राह्यली होती. आतून प्रणालीचा आवाज आला, "सर, कर्नल जुना आहे, पण भरवशाचा आहे."

कर्नल? माह्या हातातली जुडी सुटली.

तिचा नागपूरचा साहेब कम्प्युटरमधून म्हणे, "मग एकशे अठ्ठावीसच ठेवायचे?"

"हो सर. जास्त झाले तं जागा पुरत नाई. आजच पक्कं करून टाकू."

बाप्पा! पक्कं? मायले न इचारता? अन् कर्नल म्हणजे पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा बाप्या! एकशे अठ्ठावीस काय असन? वऱ्हाडीच ना! बाजूच्याच हिंगणी गावच्या भावाले फोन लावला, "दादा, पोरगी हातची चालली, लवकर ये!"

पण मले धीर कुठचा? विळा घेऊनच खोलीत घुसली.

"काऊन वं प्रणाली! म्हातारा नवरदेव पाह्यला? अन् एकशे अठ्ठावीस लोकायले जेवू कोण घालन, तुहा साहेब?"

पडद्यावर आठ तोंडं. एकाचीही पापणी हालेना. प्रणाली पांढरीफटक! सहा महिन्याच्या कामाचा तिचा निकाल होता त्या दिवशी.

"माय," ती दात खाऊन म्हणे, "कर्नल म्हणजे कम्प्युटरचा आतला कारभारी. गिऱ्हाईक मागायच्या आधी तू सांबार काढून ठेवते ना? जास्त काढला तं सुकते, कमी काढला तं गिऱ्हाईक खोळंबते. तसंच कर्नलनं डिस्कवरचं पुढचं किती वाचून ठेवायचं, तो आकडा आहे हा!"

मी विळा पदराआड लपवला. साहेब असा हसला, असा हसला, की चष्मा काढून डोळे पुसले! "प्रणाली, आकडा मंजूर. ताई, तुम्ही मात्र आज भलतंच पुढचं वाचलं!"

ओसरीत येऊन उरल्या जुड्या बांधल्या, तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. दादा! मी बलावला एकटा, तो काठ्यावाले बारा जण घेऊन आला!

"कुठं हाये तो कर्नल?"

विळा ठेवला अन् कणिक मळाले बसली. नवरदेव नाई, नवरी नाई, अन् वऱ्हाड जेवू घातलं मीच!