साहू दीदींच्या मांजरीचं क्रियाकर्म

हे तुम्हाले सांगावं की नाही, विचारच करून राहिली होती मी. पण आता अर्ध्या कॉलनीले माहीत झालंच आहे, तर तुम्हीच काहून बाकी राहता?

चौबे कॉलनीत आमच्या घरामागे छोटीशी बाग आहे. हिवाळ्यात पाहायले या, मेथी, पालक, शेवंती, सगळं भरभरून. मे महिन्यात मात्र येऊच नका. रायपूरच्या उन्हात हिरवी जाळी बांधा, दोन वेळा पाणी द्या, तरी मागच्या कोपऱ्यात नुसती माती आणि एक कोरांटीचं झुडूप उरतं. तिकडे मी बघणंच सोडून दिलं होतं.

जून लागता लागता एक सर येऊन गेली. मग एका सकाळी मागचं दार उघडलं आणि मी तशीच आत पळाली. काहीतरी मेलं होतं, आणि चांगलं मोठं मेलं होतं!

कूलर उघडला, नाली धुतली, आमच्या ह्यांना गच्चीवर चढवून पाण्याच्या टाकीत डोकवायले लावलं. काही नाही. वास येत होता कोरांटीमागून. नाकाले पदर लावून मी लांबूनच वाकली. झुडपाच्या बुडाशी काहीतरी तपकिरी, गोल, गोळा होऊन पडलेलं. वर माशा.

शेजारच्या साहू दीदींची तपकिरी मांजर, मिन्नी, दोन-तीन दिवसांपासून घरी आली नव्हती.

हे म्हणाले, जवळ जाऊन नीट तर पाहा. मी म्हटलं, तुम्हाले नाक नाही का? आणि सरळ साहू दीदींकडे गेली.

साहू दीदी शाळेत शिकवतात, घरी एकट्याच असतात. त्या मांजरीले हातानं पोळी चारत. मी त्यांचा हात धरून हळूच सांगितलं. त्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "मैंने ही उस दिन डाँटा था उसको।"

मग मले राहवलं नाही. सगळं मीच हाती घेतलं. ह्यांना चिकूखाली खड्डा खणायले लावला. जुनी पांढरी ओढणी काढली, मोगऱ्याची फुलं तोडली, अगरबत्ती लावली. उचलायच्या आधी आम्ही तिघं कोरांटीसमोर नाक दाबून उभे. मी दोन शब्दही बोलली. किती गुणाची मांजर होती, आमच्या दुधाले कधी तोंड लावलं नाही वगैरे. रोज लावायची, पण अशा वेळी कोण बोलतं?

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून मिन्नी आली. आमच्यासमोर बसून पंजा चाटायले लागली.

साहू दीदींनी मिन्नीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दीदी, तो फिर ये कौन है?"

खरंच, मग हे कोण?

ह्यांनी फावड्यानं कोरांटीच्या फांद्या बाजूले केल्या. जमिनीतून एक भलं मोठं फूल वर आलेलं. ना पान, ना देठ. जांभळं-तपकिरी, सुरकुतलेलं, थाळीएवढं. मी दोन पावलं मागे सरली. असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं.

साहू दीदींनी मात्र वाकून पाहिलं, आणि डोळे पुसता पुसता हसायलेच लागल्या. "अरे, ये तो जिमीकांदा का फूल है। खिलता है तो ऐसे ही बदबू मारता है।"

जिमीकांदा म्हणजे आपलं सुरण. इकडे दिवाळीत त्याची भाजी करतातच.

"दीवाली में मैंने जो दिया था, वही है ना?"

तेच होतं. सुरणानं घशाले खाज सुटते म्हणून मी भीतीनं ते अख्खंच्या अख्खं त्या कोपऱ्यात पुरलं होतं आणि विसरून गेली होती. साहू दीदी माझ्याकडे बघतच होत्या.

"पर आपने तो कहा था, सब्ज़ी बहुत बढ़िया बनी थी।"

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे फावडं टेकवून म्हणाले, "कधी केली होती? मले तर नाही वाढली."