दह्याच्या कपांतील बेचाळीस बिया

मंजुळा कुंडलिक शेजवळ. जन्म १९५६, मृत्यू २३ ऑगस्ट २०२४. राहणार कळवा, दुसरा मजला, माझ्या दारासमोरचे दार. व्यवसाय भाजीविक्री. अठ्ठावीस वर्षे त्या स्थानकाबाहेर बसत. पूर्वी त्यांची भाजी ठाण्यातील खाडीकाठच्या जेराल्ड कोरिया यांच्या वाडीतून येई. त्या वाडीवर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हापासून ती कल्याणच्या घाऊक बाजारातून येऊ लागली. पती कुंडलिक २०१५ साली निवर्तले. एकुलती कन्या दर्शना डोंबिवलीस असते.

गुडघ्यांनी साथ सोडल्यावर बाईंनी व्यवसाय थांबविला आणि गॅलरीत रोपे करण्यास आरंभ केला. कुंडी किंवा रोपांचा तयार ट्रे त्यांनी कधी विकत आणला नाही. इमारतीतील घराघरांतून दह्याचे कप, श्रीखंडाचे डबे, दुधाच्या व इडलीच्या पिठाच्या पिशव्या त्यांच्याकडे येत. पिशवी उलटी करून धुवायची, खालचे दोन्ही कोपरे कातरायचे आणि मग ती मातीने भरायची. कपाच्या तळाला तापविलेल्या दाभणाने भोक पाडायचे. श्रीखंडाच्या झाकणाच्या पट्ट्या कापून त्यांवर नावे लिहायची. लोणच्याची बरणी मात्र त्या परत पाठवीत. "मीठ अन् तेल जाता जात नाही तिचं," असे त्यांचे म्हणणे. मी गणिताचा निवृत्त शिक्षक. या व्यवस्थेत मला काही दोष दिसला नाही. तो दोष कोठे होता, हे पुढे येईलच.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जेराल्ड कोरिया एक काचेची बाटली घेऊन आले. बाटलीत राख होती आणि राखेत पांढऱ्या वांग्याच्या बिया. हे वांगे त्यांच्या आईच्या वेळेपासून त्या वाडीत होते. लहान, अंड्याएवढे, देठाला बारीक काटे. वाडी गेली त्या वर्षी त्यांनी शेवटचे एक फळ पिकवून बी काढले होते, आणि सहा वर्षे ती बाटली त्यांच्या कपाटात राहिली होती.

"मंजुळाबाय, एवढंच हाय. दुसरं कुठंच नाय. मी लई फिरलो."

बाईंनी राख वर्तमानपत्रावर ओतली. बिया बेचाळीस निघाल्या.

रविवार, ६ नोव्हेंबर रोजी त्यांनी त्या बेचाळीसही पेरल्या. प्रत्येक कपात एक. हे मला अविचाराचे वाटले.

"निम्म्या मागे ठेवावयास हव्या होत्या," मी म्हणालो.

"म्हातारं बी आहे, सर. तुमच्या-माझ्यासारखं. पुढच्या वर्षाची वाट बघायला लावली, तर निरोप पण न घेता जाईल."

सर्व कप त्यांनी बेकरीतील केकच्या पारदर्शक डब्यांत मांडले आणि वर झाकणे ठेवली, म्हणजे कबुतरांपासून संरक्षण होईल. मी वहीत कपांचे क्रमांक टाकले. आठवडा गेला, काहीच उगवले नाही. रोज सकाळी आठ वाजता मी त्यांच्या गॅलरीत जाई आणि रोज वहीत शून्य लिही.

"सर, तुमच्या वहीलाच आधी पालवी फुटेल," त्या एकदा म्हणाल्या. पण त्यांचा आवाज हसरा नव्हता.

नवव्या दिवशी पहिला कोंब दिसला. २२ नोव्हेंबरपर्यंत सतरा झाले. उरलेल्या पंचवीस कपांतील माती उकरली, तेव्हा बिया मऊ पडून कुजलेल्या आढळल्या. म्हणजे आता जगात जे काही होते, ते या सतरा कपांत होते. ते तीन डब्यांत मावले आणि मी त्यांना एक ते सतरा असे नवे क्रमांक दिले. जेराल्ड रोज संध्याकाळी सहा वाजता फोन करीत. "किती?" "सतरा." इतकेच बोलणे होई.

गुरुवारी, २४ तारखेस, दोन रोपे आडवी पडलेली दिसली. पाने हिरवी होती, परंतु मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक व काळसर झाला होता. शुक्रवारी आणखी एक पडले. शनिवारी दोन. बाईंनी झाकणे काढली, डबे उन्हात सरकविले, पुन्हा सावलीत आणले, कडुनिंबाचा पाला आणून उकळला. रविवारी दोन, सोमवारी सकाळी एक. नऊ उरली.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. मी समोर बसलो होतो.

"किती?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. "सतरा," त्या म्हणाल्या. "हो, हो. छान आहेत."

"रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की येतो बघायला. क्लारापण येते."

फोन ठेवल्यावर मी वही उघडून पडलेल्या रोपांचे क्रमांक पाहू लागलो. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, नऊ, दहा. सर्व क्रमांक गॅलरीच्या दाराजवळच्या दोन डब्यांतील होते. कठड्याच्या जाळीजवळचा डबा, जेथे वाकून पोहोचावे लागते, त्यातील एकही रोप पडले नव्हते.

"बाई, जिथे आपला हात पोहोचतो, तिथलीच रोपे मरत आहेत."

त्या उसळल्या. "माझा हात? अठ्ठावीस वर्षं याच हातानं भाजी ताजी ठेवली, सर! उन्हातान्हात मेथीचं पान सुकू दिलं नाही मी! तुम्ही कधी एक कोथिंबिरीची काडी तरी—"

येथे त्या थांबल्या. बोलता बोलता त्यांनी शेजारची पाण्याची बाटली उचलली होती. तिच्या झाकणाला बारीक भोके होती. बाटली कपांवर तिरपी झाली होती आणि पाणी पडत होते. आपण ती केव्हा उचलली, हे त्यांना कळलेच नव्हते.

भाजी विकणारा माणूस दर दहा मिनिटांनी भाजीवर पाणी मारतो. त्याला ते ठरवावे लागत नाही. बाईंचा हात व्यवसायातून निवृत्त झालाच नव्हता. पालकाची जुडी त्याने टवटवीत राहते. दह्याच्या कपातील दोन पानांचे रोप मात्र मानेशी कुजते. त्यात ते कप केकच्या डब्यात बसविलेले, त्यामुळे भोकातून निघालेले पाणी तळाशीच साचून राहत होते.

बाईंनी बाटली माझ्या हातात दिली.

"घेऊन जा, सर. बाटली नाही, सगळंच. माझ्या गॅलरीत राहिली तर मी मारीन त्यांना. आणि मी मागितलं तरी दार उघडू नका."

नऊ कप माझ्या गॅलरीत आले. डबे काढून टाकले, कप विटांवर ठेवले, मातीवर कोरडी राख भुरभुरली. वरची माती बोटाला कोरडी लागेल तेव्हाच चहाचा एक चमचा पाणी, असा नियम ठरला. मंगळवारी बाई पाच वेळा आल्या. "नुसतं बघते हो!" बुधवारी मी गॅलरीला कुलूप लावले. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "शाळेत पोरं तुम्हाला काय म्हणत असतील, ते कळलं आज." तरीही बुधवारी एक रोप पडले, आणि शुक्रवारी दोन. ज्यांना आधीच लागण झाली होती, ती वाचली नाहीत.

रविवारी, ४ डिसेंबरला, साडेदहा वाजता जेराल्ड व त्यांच्या पत्नी क्लारा आले. बाईंनी त्यांना बसविले नाही, चहा विचारला नाही. थेट माझ्या गॅलरीत नेले. मी कुलूप काढले.

जेराल्ड यांनी विटांवरचे कप मोजले. मग पुन्हा मोजले.

"फोनवर सतरा होती."

"होती. त्या दिवशी नऊ होती, तेव्हापण मी सतराच सांगितलं. आज सहा आहेत." बाई म्हणाल्या. "बी वाईट नव्हतं, जेराल्डभाऊ. मी पाणी पाजून मारली. खोटं पण मीच बोलले."

जेराल्ड विटांशेजारी उकिडवे बसले. मला वाटले, हे आता कप उचलून घेऊन जातील, आणि तसा त्यांचा अधिकारही होता.

"जेरी," क्लाराबाई मागून म्हणाल्या, "सहा वरसं बाटली कपाटात कोंडून ठेवलीस तू. किती उगवली तुझ्या कपाटात? सांग की."

जेराल्ड यांनी मान वर केली नाही. एका रोपाच्या पानाला करंगळी लावून ते पाहत होते.

"तू मला खरं सांगायचं होतं, मंजुळाबाय," ते अखेर म्हणाले. "मरतात, ते मला म्हाईत हाय. मी शेतकरी हाय. पण रोज सहा वाजता मी सतरा ऐकून जेवलो."

बाईंनी हात जोडले. जेराल्ड यांनी कप तेथेच ठेवले. त्या दिवसानंतर फोन आला की बाई मलाच फोन देत. "सर सांगतील. त्यांना खोटं बोलता येत नाही, गणितवाले आहेत."

सहापैकी चार रोपे जगली. जानेवारीत ती गच्चीवरील पिंपांत लावली आणि मार्चअखेर त्यांना पांढरी, काटेरी देठाची फळे आली. जेराल्ड यांनी एक तरी खावयास मागितले. बाईंनी नकार दिला. पहिल्या वर्षाची सर्व फळे झाडावरच पिवळी होऊ दिली आणि मे महिन्यात बी काढून निम्मे जेराल्ड यांच्या हाती दिले. दुसऱ्या वर्षी दुधाच्या पिशव्यांतून अकरा घरी रोपे गेली. अट एकच होती: एक फळ पिकवून त्याचे बी परत करावे. मार्च २०२४ मध्ये क्लाराबाईंनी वांगी भाजून भरीत केले. जेराल्ड ते न बोलता जेवले, असे क्लाराबाईंनीच कळविले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हृदयविकाराने बाईंचा अंत झाला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दर्शनाने बियांच्या पुड्या पुढे ठेवून कोणाकडून काय आले, ते वाचून दाखविले. नऊ घरांचे बी आले होते. दोघांचे आले नव्हते: तळमजल्यावरचे कुटुंब घर बदलून शीळफाट्याकडे गेले होते, आणि दुसरा मी. ठरलेल्या एक चमचा पाण्याच्या नियमावर मी मार्चच्या उन्हातही कायम राहिलो आणि माझी दोन्ही झाडे वाळली. दर्शनाने मला नवे बी दिले आहे. माझे देणे अद्याप बाकी आहे.