पहिल्या नंबरचा सिनेमा अर्धाच पाहिला

मागच्या दिवाळीत माझ्या मुलीने घरातल्या प्रत्येकाच्या हातात वहीचं एकेक पान दिलं आणि हुकूम सोडला, "आयुष्यातले सगळ्यात आवडते पाच सिनेमे लिहा, नंबर लावून." मी लिहिले, आणि धादांत खोटं लिहिलं. पन्नाशी उलटलेली बाई लेकीच्या कागदावर खोटं बोलते, म्हणजे कमालच झाली!

पाचवा आणि चौथा तेवढे खरे होते. आमच्या गावात सिनेमाला नाव नसायचं. 'तो नागाचा', 'तो जुळ्या भावांचा', एवढ्यावर बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, गावाला कळायचं. पाचवा नागाचा. जत्रेच्या तंबूत पाहिलेला, नागिणीपेक्षा ते मशीनच जास्त फुसफुसत होतं. चौथ्यात हिरोला मरायला चांगली दहा मिनिटं लागतात. तो दोंडाईच्याला पाहिला आणि एस.टी.त जागा मिळेपर्यंत रडत होते. तिसरा नि दुसरा मात्र कुठल्या कुठल्या देशांतले लिहिले, लेकीवर छाप पडावी म्हणून. त्यातल्या एकाला मी घोरत होते, हे तिलाही माहीत आहे. पहिला जो लिहायला हवा होता, तो लिहायला हात धजला नाही.

तो 'सुनेच्या छळाचा'. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याला कॉलेजात, हॉस्टेलवर. खोलीत आम्ही तिघी. त्या दोघी नाशिककडच्या, साहेबांच्या मुली. पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून "पानी गरम शे का?" असं निघून गेलं, नि दोघी पोट धरून हसल्या. तेव्हापासून 'आहे'च्या जागचं ते 'शे' मी जिभेवरून घासून घासून काढलं. सुट्टीत घरी गेले की माय म्हणायची, "पोर धुयानी व्हई गयी!" पोर धुळ्याची झाली, असं कौतुकाने म्हणायची हो, टोमणा नाही.

तो सिनेमा लागला तेव्हा खेड्याखेड्यांतून बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून यायच्या. आम्हीही एका रविवारी दुपारच्या खेळाला गेलो, बाल्कनीत बसलो. पडद्यावर सासूने दुधात विष कालवलं. सुनेने पेला तोंडाला लावला. सगळे श्वास रोखून, आणि खालच्या बायकांच्या बाकड्यांवरून आवाज आला, "पिऊ नको व माय! त्याम्हा जहर शे!"

अख्खं थिएटर हसलं. माझ्या मैत्रिणी तर लोळायच्याच बाकी राहिल्या. मीही हसले. आवाज ओळखला होता, तरी हसले. माझी माय होती ती.

इंटर्व्हलला आम्ही चहा घेत उभ्या होतो. गर्दीतून ती जवळजवळ पळतच आली, डोळे रडून लाल, हातात फडक्याची गाठ. "पोर, आठेच सापडनी व तू!" मी इथेच सापडले म्हणून हरखली होती; सिनेमा सुटल्यावर ती हॉस्टेलवरच येणार होती. मैत्रिणीने हसू दाबत विचारलं, "कोण गं ह्या?"

"आमच्या गावच्या आहेत," मी म्हणाले.

मायने माझ्याकडे पाहिलं. तिथल्या तिथे एक मुस्काटात ठेवून दिली असती तर आज मी सुखी असते. तिने पदर सावरला, दोन पावलं मागे सरली, आणि ती गाठ पुढे करत म्हणाली, "हाई ल्या ताई. तुमनी मायनी धाडेल शे." तुमच्या आईने पाठवलंय म्हणाली. पोटच्या पोरीला ताई म्हणाली, वर अहोजाहो केलं!

इंटर्व्हलनंतरचा सिनेमा मी पाहिलाच नाही. बाल्कनीच्या कठड्यावरून खालच्या अंधारात एकच डोकं शोधत बसले. सून जगली की मेली, आजतागायत कुणाला विचारलं नाही. खालून पुन्हा आवाज आला नाही. गाठीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी निघाल्या, नि ठेचा. खोलीवर मैत्रिणींनी चाटूनपुसून खाल्लं, "तुझ्या आईच्या हाताला काय चव आहे गं!" म्हणाल्या.

सुट्टीत घरी गेल्यावर पाय धरायचे, असं ठरवलं होतं. गेले. दोनदा विषय काढायला गेले, दोन्ही वेळा माय म्हणाली, "पहिले जेव." मला वाटलं, विसरली असेल, सुटले बुवा. कोडगेपणा म्हणतात तो हाच.

पुढच्या महिन्यात एका सकाळी हॉस्टेलच्या वॉचमनने खालून हाक मारली, "ताई, तुमच्या गावची बाई आलीय भेटायला." मी धावत जिना उतरले. फाटकाबाहेर माय उभी होती. आपण कोण, हे वॉचमनला तिने स्वतःच तसं सांगितलं होतं. मला पाहताच म्हणाली, "बऱ्या शेतस ना ताई?"

मैत्रिणी कॉलेजात गेलेल्या. ऐकायला तो वॉचमन सोडून चिटपाखरू नव्हतं. 'ही माझी माय आहे', एवढंच म्हणायचं होतं. त्याला काय पडलेली असणार! मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "हो मावशी, बरी आहे मी."