दामल्यांचं इंजिन

सरकारी कारखान्यात माल तयार होवो न होवो, किस्से होतच असतात. भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये तर ते ठेवायला गोडाऊन पुरायचं नाही. कॉम्प्युटर सेक्शनमधले निम्मे एकट्या दामल्यांचे.

दामले पुण्याहून बदलून आलेले इंजिनिअर, माझ्या शेजारच्या टेबलाचे. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून एक फुकट ब्राउजर बनवला होता, स्वतःच्या इंजिनावर चालणारा. त्यात देवनागरी नीट दिसावी म्हणून दामले रोज घरी बसून खपत. परवानगी काढून त्यांनी तो ऑफिसातही सगळीकडे बसवला.

इंजिन म्हणजे काय, असं मी विचारलं.

"ब्राउजर म्हणजे वाढपी, इंजिन म्हणजे आचारी. वाढपी ढीगभर दिसतात हो, पण आत बघा, सगळीकडे एकाच कंपनीचा आचारी! उद्या त्यानं मीठ बंद केलं, की सगळं गाव अळणी जेवणार."

मी हसलो. ते हसले नाहीत.

* * *

दिवाळीत नागपूरला जायचं म्हणून दामलेवहिनी घरच्या कॉम्प्युटरवर तिकीट काढायला बसल्या. साइट म्हणाली, तुमचा ब्राउजर चालणार नाही. चूक साइटचीच कशी आहे, याची सविस्तर मेल दामल्यांनी पाठवली. तोवर गाडी फुल्ल!

वहिनी टाउनशिपजवळच्या सोनागिरी वस्तीतल्या सायबर कॅफेतून वेटिंगचं तिकीट घेऊन आल्या. "तुमचं इंजिन इटारसीसुद्धा ओलांडायचं नाही," म्हणाल्या.

* * *

विश्वकर्मा पूजेला आमच्याकडे लेथला हार, क्रेनला हार, कॉम्प्युटरलाही हार. दामल्यांनी हळूच स्क्रीनवर आपला ब्राउजर उघडून ठेवला. आमचे साहेब तिवारीजी टिळा लावता लावता थांबले.

"दामलेजी, इसे टीके से ज्यादा ऑक्सीजन की जरूरत है."

* * *

इंजिन सांभाळणारी माणसं एकेक करून गळायला लागली. दामल्यांनी नव्या ट्रेनींना क्लबात बोलावून तासभर समजावलं, की कोणीतरी पुढे या. एकानं हात वर केला. "सर, ये रिज्यूमे में चलेगा?"

दामले प्रामाणिक माणूस, नाही म्हणाले. समोसे संपेपर्यंत पोरं बसली, एवढी सभ्यता होती.

* * *

पुढे ऑफिसच्या साइटही मोठ्या कंपनीचाच ब्राउजर मागू लागल्या. मग दामल्यांनी युक्ती केली. साइटच्या दारात आपल्या ब्राउजरनं त्या मोठ्या ब्राउजरचं नाव सांगायचं! लोक बिचकू नयेत म्हणून स्क्रीनवरचं चित्रही त्याचंच लावलं. अनेक वर्षं एक तक्रार आली नाही. "जगतोय ना, बस," म्हणायचे.

मग हेडऑफिसनं साइटच्या दारातल्या नोंदींवरून पाहणी केली, कोण कोणता ब्राउजर वापरतं. दामल्यांचा वापरणारे शून्य. आदेश आला, वापरात नाही ते काढून टाका. दामले धावत तिवारीजींकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं.

"मतलब इतने साल झूठा नाम लिखवाते रहे? ये मैं ऊपर कैसे बताऊँ?"

त्या दिवशी मला रडूच यायचं बाकी होतं. खरं बोलायची सोय राहिली नव्हती आणि खोटं अंगाशी आलं होतं.

* * *

काढायचं काम अर्थातच दामल्यांकडे. शेवटचं मशीन डिस्पॅचच्या शुक्लाजींचं. मी सोबत होतो. माझा ब्राउजर काढायला आलोय, असं दामल्यांनी सांगितलं. शुक्लाजी खुर्ची सोडेनात.

"आपका वाला तो हमने कभी छुआ ही नहीं, साहब. हम तो शुरू से यही चलाते हैं." त्यांनी स्क्रीनवरच्या चित्रावर बोट ठेवलं. "इसे मत छेड़िए. इतनी साफ हिंदी और किसी में नहीं दिखती."

दामले म्हणाले, "जरा उठिए, शुक्लाजी."