औषधवाल्या आप्पांचा मध

आमच्या लातूरच्या घरमालकांच्या, म्हणजे आप्पांच्या अंगणात वाफाभर कोथिंबीर असायची आणि तिची एक काडी तोडायची कुणाची टाप नव्हती. कोथिंबीर पांढऱ्या फुलांनी भरून जायची, धने धरायची, तोवर आप्पा खुर्ची टाकून राखणीला बसलेले. काकू वैतागायच्या. "दारात वाफा, अन् मी बाजारातून जुडी आणायलेय. लोकं हसतेत." आप्पा शांतपणे म्हणायचे, "आपल्याला बाजार हाय. माश्यांना कुठं हाय?"

कांद्याचीही तीच गत. उपटायचा नाही, फुलावर येऊ द्यायचा. शेवगा बहरला की छाटायचा नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आम्ही तोंड धुतलेलं पाणीसुद्धा जपून ठेवायचो, तेव्हाही आप्पांची एक परात काठोकाठ भरलेली असे. मधमाश्यांना बसून पाणी पिता यावं, बुडून मरू नयेत म्हणून तिच्यात खडे टाकलेले. मी वरच्या मजल्यावरची भाडेकरीण. त्या परातीकडे बघून माझं डोकं फिरायचं, पण घरमालकाला बोलणार कोण?

गंमत म्हणजे या माणसानं उभा जन्म कीटकनाशकं विकली होती. मुखेडला त्यांचं दुकान होतं. आपल्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात, म्हणून ते औषधवाले आप्पा. दुकान विकून लातूरला आले तरी नाव चिकटलेलंच राहिलं. कुणी त्या नावानं हाक मारली की आप्पा कसंनुसं हसायचे. मला वाटायचं, लाजतात बिचारे.

स्वयंपाकघरात ते वर्षातून एकदाच शिरत, नागपंचमीला. त्या दिवशी तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, म्हणून घरात हुग्गी व्हायची. कांडलेले गहू मऊ शिजवून केलेली ही खीर सगळे गुळाची करतात. आप्पांच्या लहानपणी मात्र त्यांच्या घरी ती मधाची असे, आणि तिची कृती ते मला जिन्यात अडवून सांगायचे. "पातेलं उतरवायचं. बोट घालायचं. बोट टिकलं तरच मध वतायचा, न्हाईतर मधाचा जीव जातो." एवढं सांगून पंचमीला स्वतः करायचे ती गुळाचीच. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "आप्पा, मध कुठं गेला?" ते आत निघून गेले.

पंचमीला त्यांची थोरली बहीण यायची, अक्का. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच आप्पांना लहानाचं मोठं केलं होतं. ती मुखेडजवळच्या एका खेड्यात दिलेली. आप्पा स्वतः एसटीनं तिला आणायला जायचे. म्हातारी हसतमुख होती, खायची मात्र चिमणीएवढं. हुग्गीची वाटी तर अर्धी तशीच राहायची.

एकदा माझ्या जास्वंदीवर कीड पडली, म्हणून मी फवारणीची बाटली घेऊन आले. फाटकातच आप्पांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. मी चिडले. माझं झाड, माझी कुंडी! तेव्हा ते पायरीवर बसले आणि हळूहळू बोलायला लागले.

अक्काच्या घराच्या दगडी भिंतीत सातेरी माश्यांचं जुनं मोहोळ होतं. उन्हाळ्यात काढलेला मध ती तांब्याला फडकं बांधून पंचमीला माहेरी आणायची. एका वर्षी तूर फुलात असताना दाजी, म्हणजे अक्काचे मालक, औषध न्यायला दुकानात आले. आप्पा फवारणीचे पंप भाड्यानंही द्यायचे. "फुलातल्या पिकावर दिवसा मारू नये, माश्या घरी गेल्यावर सांजच्याला मारावं, हे मला ठावं होतं बाई. पण सांजच्याला तो पंप दुसऱ्या गिऱ्हाइकाला कबूल केल्ता. मी म्हणलो, दाजी, सकाळीच उरका. त्यांनी उरकलं. अक्कानं भिंतीखालून सुपानं माश्या भरल्या म्हणे."

दाजी पुढं वारले. अक्का दरवर्षी रिकाम्या हातानं येत राहिली आणि आप्पा दरवर्षी गूळ घालत राहिले.

"सांगून टाका ना तिला," मी म्हटलं.

"रिकाम्या हातानं कसं सांगू? आधी मध तर होऊ दे माझ्याकडं."

मग त्या परातीचा मला राग येईना. माझ्या सगळ्या कुंड्यांत मी सब्जा आणि तुळस लावली. आप्पा जिना चढून पाहून गेले आणि मान हलवली, तीच शाबासकी.

शेवटी फुलोरी माश्या आल्या, अंगणातल्या लिंबावर. त्यांचं पोळं लहान असतं. आप्पांनी मधाचा गड्डा तेवढा कापला आणि पिल्लांचा भाग दोन काड्यांत धरून परत फांदीला बांधून दिला. मध निघाला वाटीभर. तो देवघरात ठेवला आणि काकूंनासुद्धा बोट लावू दिलं नाही.

पंचमीला मला खाली जेवायला बोलावलं होतं. आप्पांनी पातेलं उतरवलं, बोट घालून पाहिलं, मध ओतला. पहिली वाटी अक्काच्या हातात दिली आणि उभ्यानंच म्हणाले, "अक्का, तुझ्या माश्या मी मारल्या. सकाळी मारा म्हणून मीच सांगितलं दाजींना. एका पंपापायी."

काकू वाढता वाढता थांबल्या. अक्कानं घास गिळला. "ठावं हाय. त्याच दिशी यांनी सांगितल्तं मला."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"काय बोलू? माहेर एकच हाय मला. भांडले असते अन् फुडच्या पंचमीला तू आणाय आला नसतास, तर?"

आप्पा लहान मुलासारखे रडले. अक्कानं वाटी पुसून पुसून खाल्ली. आप्पा तोंड धुवायला गेले तेव्हा ती माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "दर पंचमीला त्याच्या तोंडाकडं बघायचे मी. आज बोलंल, उंद्या बोलंल. गूळ गोड लागायचा न्हाई बघ. थोरली मी. जाऊ दे रे, म्हणून मीच म्हणायचं होतं. माझीबी चूक हाय, बाई."

हे तिनं आप्पांना सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मीही मधे पडले नाही. ते आपसात पुन्हा बोलतील, पुष्कळ वेळ आहे, असंच तेव्हा वाटलं. त्याच हिवाळ्यात आप्पा गेले. मला त्या दोघांचा अजून राग येतो, आणि स्वतःचाही. एवढ्या पंचम्या एका पाटाशेजारी दुसरा पाट मांडून दोघं गप्प जेवले, आणि मन मोकळं झाल्यावरची त्यांच्या वाट्याला आली ती एकच.