फाटकाच्या डोक्यावर हळदीकुंकू

शालूवहिनींच्या दाराला दिवसा कडी नसायची. दूधवाला, कुरिअरवाला, खालच्या मजल्यावरचं मांजर, कुणीही खुशाल आत यावं. "माणसाला दारात ताटकळत ठेवू नये गं," म्हणायच्या. फक्त एका माणसाची चाहूल लागली की त्या हातातलं काम टाकून उठायच्या, कडी घालायच्या आणि जाळीच्या दारामागून अगदी गोड आवाजात सांगायच्या, "थांबा हं भाऊ, फाटक बंद आहे."

भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. आणि फाटक म्हणजे डोंबिवलीत आमच्या सोसायटीपलीकडचं रेल्वेचं फाटक. इकडे आम्ही, पलीकडे बाजार आणि दवाखाना. एक गाडी गेली म्हणून पाय उचलावा तर दुसरीची घंटा. फाटक बंद राहिलं की माणसं खोळंबायची, उघडं राहिलं की गाड्या. तिथे पूल होणार म्हणून भाऊंनी पहिला नारळ फोडला, तेव्हा पेढे वाटायला वहिनींचे यजमान, आमचे नाना, सगळ्यांत पुढे होते.

पुढे नानांच्याच छातीत दुखू लागलं. भर दुपारी मी आणि वहिनी त्यांना रिक्षात घालून निघालो, तर फाटक बंद. एक गाडी गेली, मग दुसरी, मग मालगाडी. मालगाडी संपता संपेना. तिचा शेवटचा डबा गेला, दांडा वर गेला, रिक्षावाल्याने गिअर टाकला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सुमन, त्यांना रिक्षा वळवायला सांग. आता घाई नाही."

तेराव्याला भाऊ भेटायला आले आणि त्या दाराला पहिल्यांदा कडी लागली.

पुलाचं घोडं कुठे अडलं होतं ते सगळ्या वॉर्डाला ठाऊक. रुळांवरचा भाग कधीच बांधून झाला होता, पण खाली उतरायच्या रस्त्यात भाऊंच्या मेव्हण्याचे गाळे. त्यामुळे पूल आपला अधांतरी, कबुतरांच्या सोयीचा. दर निवडणुकीला भाऊ नवा नारळ फोडत. मी एकदा म्हटलं, "वहिनी, सोडा आता. गेलेलं माणूस परत येतं का?"

"माणूस नाही येत. पण गाळे जातात," वहिनी म्हणाल्या.

गाळ्यांत मेव्हण्याचं किराणा, फरसाण आणि साड्यांचं दुकान. वहिनी आमच्या भजनी मंडळाच्या मुख्य. हातात टाळ असताना जेवढ्या सौम्य दिसायच्या, तेवढ्याच सौम्यपणे त्या घरोघरी गेल्या. चहा पुढे आला की विचारायच्या, "साखर कुठली?" मेव्हण्याकडची असली की कप खाली. "नको गं, घशाखाली उतरायची नाही. फाटक बंद आहे." आता सांगा, दारी आलेली बाई चहा न पिता उठली तर घरच्या बाईचं तोंड कसं होईल! बायका पार मानपाड्याहून वाणसामान आणू लागल्या. दिवाळीतसुद्धा त्या गाळ्यांत माशी बसेना. शेवटी मेव्हणा हात जोडून आला. "वहिनी, मी तुमचं काय वाकडं केलं हो?"

"काही नाही. तुमची दुकानं माझ्या नवऱ्याच्या वाटेत होती एवढंच."

पुढच्या संक्रांतीच्या आत मोबदला घेऊन त्याने गाळे रिकामे केले. मेव्हण्या-मेव्हण्यांत बोलणं बंद झालं ते कायमचं. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला, साजूक तुपातला.

पूल झाला. डांबर झालं, पांढरे पट्टे झाले, दिवेही लागले. पण तोंडाशी पिंपं उभी. का, तर फीत कापायला मोठ्या साहेबांची तारीख मिळेना! वर पूल मोकळा, खाली फाटकाशी रांग. चैत्र लागला आणि वहिनींनी जाहीर केलं, "यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू माझ्याकडे. पुलावर."

पहिल्या मजल्यावरच्या काकू चाचरल्या. "शालू, अगं, तू कशी करणार? म्हणजे, तू..."

"विधवा. बोला की, जीभ झडत नाही. ज्या फाटकाने माझं कुंकू पुसलं, त्याच्या डोक्यावर बसून मी कुंकू वाटणार."

काकू सगळ्यांत आधी तयार होऊन आल्या. आम्ही बायकांनी पदर खोचून पिंपं बाजूला लोटली. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीला हरभरे. हवालदार आला, त्याच्याही हातात वहिनींनी पन्ह्याचा पेला दिला. तोवर खाली अडकलेल्या रिक्षा हॉर्न वाजवत वर चढल्या होत्या, त्यांच्यामागून शाळेची बस. आता कोण कुणाला अडवणार?

भाऊ धावतपळत आले. "वहिनी, अहो साहेब यायचे होते!"

"येऊ देत ना. पन्हं उरलंय." आणि वहिनींनी एक अखंड नारळ त्यांच्या हातावर ठेवला. "हा घरी न्या भाऊ. इथे आता लागायचा नाही."

पुलावरच्या सगळ्या बायका हसल्या. भाऊ तो नारळ धरून गाडीपर्यंत चालत गेले. पुढची निवडणूक ते हरले. वहिनींनी पुन्हा शिरा केला.

गेल्या श्रावणात वहिनी दुपारच्या चहाला उठल्याच नाहीत. वैकुंठाची गाडी खाली येऊन उभी होती, दार सताड उघडं, माणसांची रीघ. इतक्यात जिन्यात कुजबुज झाली. भलामोठा हार आणि फोटोग्राफर घेऊन भाऊ येत होते. मी उठले आणि कडी घातली.

"सुमनताई, दर्शन तरी घेऊ द्या!"

"थांबा हं भाऊ. फाटक बंद आहे."

वहिनींना उचललं तेव्हाच मी कडी काढली. हार सावरत भाऊ जिन्याच्या भिंतीला चिकटून उभे राहिले. वहिनी त्यांच्यासमोरून खाली गेल्या आणि पुढे पुलावरून, कुठेही न थांबता.